सुट्टीत थीम पार्क का तुंबतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी, नाताळ आणि मे महिना तोंडावर आला की ओळखीपाळखीचे लोक हेच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

सुट्टी म्हटली की गर्दी आलीच. त्यात पार्कवाल्यांचा काय दोष?

गर्दी होण्यात दोष नाहीच. पण दिवाळी कोणत्या तारखेला आहे हे वर्षभर आधी भिंतीवरच्या कालनिर्णयात छापलेलं असतं. नाताळ तर दरवर्षी त्याच तारखेला येतो. आणि जत्रा किंवा गणपती विसर्जनाला येणाऱ्यांची मोजदाद कोणालाच करता येत नसली, तरी पार्कचं तसं नाही. तिथे आत शिरणारा प्रत्येक माणूस तिकीट काढून येतो. किती तिकिटं विकायची हे पार्कच ठरवतं. म्हणजे आतली गर्दी ही आधी विकलेली गर्दी असते. ‘अनपेक्षित प्रतिसादामुळे गैरसोय झाली’ असा फलक गेटवर दिसला की मला त्यातला ‘अनपेक्षित’ पटत नाही, तो याचमुळे.

ही तक्रार हल्लीची की जुनी?

पहिल्या दिवसापासूनची. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमचं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं. तो दिवस फक्त निमंत्रितांचा होता, पण बाजारात नकली प्रवेशपत्रिका फिरल्या आणि सुमारे २८ हजार लोक आत शिरले. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे नव्हते, वर ऊन रणरणत होतं, आणि नुकत्याच ओतलेल्या डांबरात बायकांच्या सँडलच्या टाचा रुतत होत्या. त्या दिवसाला पुढे ‘काळा रविवार’ असंच नाव पडलं.

पार्कची ‘क्षमता’ म्हणजे नेमकं काय? जाहिरातीत तर हजारोंचे आकडे असतात.

क्षमतेचा एकच आकडा नसतो, निदान तीन असतात. पहिला सुरक्षेचा: आग लागली किंवा पार्क रिकामं करायची वेळ आली तर इतक्या दरवाजांतून इतकी माणसं बाहेर पडू शकतील का, यावर तो ठरतो. दुसरा राइडचा: सगळ्या राइड मिळून तासाला किती जणांना बसवू शकतात. तिसरा सोयीचा: सावली, बाकं, जेवणाची टेबलं, स्वच्छतागृहं किती जणांना पुरतात. जाहिरातीत येतो तो बहुधा पहिला, कारण तो सर्वांत मोठा असतो. तुमचा दिवस कसा जाणार हे मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्यावर ठरतं.

कागदावर हिशेब करून बघा. समजा एका पार्कात वीस राइड आहेत आणि प्रत्येकीची सरासरी क्षमता तासाला ६०० माणसांची आहे. म्हणजे तासाला १२ हजार फेऱ्या, आठ तासांत ९६ हजार. दहा हजार लोक आले तर माणशी साडेनऊ राइड वाट्याला येतात. छान दिवस! वीस हजार आले तर पाचही होत नाहीत. इतकं करूनही हा हिशेब फार उदार आहे, कारण त्यात सगळ्या राइड दिवसभर चालू आहेत, सकाळी दहाच्या ठोक्याला सगळी माणसं हजर आहेत आणि कोणाचीच कसली खास आवड नाही, असं धरलं आहे. प्रत्यक्षात वीसपैकी चार-पाच राइडसाठीच लोक आलेले असतात. एखादी दुरुस्तीला बंद असते. गेटमधून मात्र वीस हजारच आत आलेले असतात, कारण सुरक्षेचा आकडा त्याला परवानगी देतो.

मग सर्वांत गर्दीच्या दिवसाला पुरेल एवढं मोठं पार्कच का बांधत नाहीत?

परवडणार नाही, आणि त्यात चूकही नाही. दिवाळीच्या रविवारी पुरेल एवढं पार्क बांधलं तर जुलैतल्या मंगळवारी ते भकास वाटेल. शिवाय राइड रिकामी फिरो की भरलेली, वीज, देखभाल आणि पगार चुकत नाहीत. म्हणून आखणी करणारे एक ‘डिझाइन डे’ धरतात: बऱ्यापैकी गर्दीचा, पण वर्षातला सर्वांत वाईट नव्हे असा दिवस. त्या दिवसाच्या मापाने राइड, रस्ते, स्वयंपाकघरं बांधतात.

या तडजोडीला दुसरी बाजू आहे. वर्षातले जे मोजके दिवस या मापाबाहेर जाणार, त्या दिवशी तिकिटंच कमी विकायची, हे त्यात गृहीत आहे. पहिला अर्धा भाग वास्तुविशारद पाळतात. दुसरा अर्धा विक्री विभागाच्या हातात असतो, आणि वर्षभराची तूट भरून काढायचे नेमके तेच दिवस असतात. सगळं गाडं तिथे अडतं.

तिकीट हातात असूनही गेटवरून परत पाठवतात, हे खरं आहे का?

खरं आहे. याचं सर्वांत बोलकं उदाहरण हाँगकाँगचं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हाँगकाँग डिस्नेलँड १२ सप्टेंबर २००५ ला सुरू झालं. लांटाव बेटावरचं हे पार्क तेव्हा जगातल्या डिस्ने पार्कांत सर्वांत लहान होतं, आणि त्याची दिवसाची मर्यादा ३० हजार माणसांची ठरवली होती. उद्घाटनाच्या आठवडाभर आधी, ४ सप्टेंबरला, रंगीत तालीम म्हणून सुमारे ३० हजार लोकांना बोलावून पाहिलं. खाण्याच्या ठिकाणी पाऊण तास रांग, राइडला दोन तासांपर्यंत रांग. मर्यादा खाली आणा, असा आग्रह झाला. पार्कने वेळ वाढवायचं आणि आडदिवशी सवलत द्यायचं मान्य केलं, पण ३० हजारांचा आकडा हलवला नाही. धोक्याची घंटा इतक्या स्पष्टपणे क्वचितच वाजते.

मग आलं २००६ चं चिनी नववर्ष. ते २९ जानेवारीला होतं. हाँगकाँगची सरकारी सुट्टी ३१ जानेवारीला संपत होती. त्या दिवसांना पार्कने ‘खास दिवस’ ठरवून वेगळी, तारखेची तिकिटं लावली होती. १ फेब्रुवारीपासून पुन्हा नेहमीची तिकिटं, म्हणजे ठरावीक मुदतीत कोणत्याही दिवशी चालणारी. पण सीमेपलीकडे, चीनच्या मुख्य भूमीवर, सुट्टीचा ‘सुवर्ण सप्ताह’ ४ फेब्रुवारीपर्यंत चालू होता. तिथली कुटुंबं हीच मोकळी तिकिटं घेऊन आली, अनेक जण सहल कंपन्यांच्या पॅकेजमधून, लांबचा प्रवास करून. १ आणि २ फेब्रुवारीला पार्क भरलं आणि गेट बंद झालं. बाहेर हातात पैसे मोजून घेतलेलं तिकीट असलेली माणसं. काहींनी दरवाजावरून उड्या मारल्या. एका लहान मुलाला गजांवरून पलीकडे देतानाचं दृश्य तेव्हाच्या बातम्यांत गाजलं. पार्कचे त्या वेळचे प्रमुख बिल अर्नेस्ट यांनी जाहीर माफी मागितली.

लक्षात घ्या, दोन्ही सुट्ट्यांच्या तारखा आधीच जाहीर होत्या. कमी पडलं ते शेजाऱ्याचं कॅलेंडर बघणं. आणि मोकळ्या तिकिटामुळे ‘किती विकली’ हे पार्कला ठाऊक असलं, तरी ‘आज कितीजण येतील’ हे कळायचा मार्गच उरला नव्हता.

मग हाँगकाँगने काय बदललं?

मुख्य भूमीवरच्या सुट्ट्याही ‘खास दिवसां’त धरल्या आणि त्या दिवशी फक्त तारीख छापलेलं तिकीट चालेल, असा नियम केला. पुढे २०११ ते २०१३ या काळात तीन नवे विभाग बांधून पार्क वाढवलं. माझ्या मते पहिला बदल जास्त मोलाचा. त्याला जवळपास काही खर्च आला नाही, आणि तो पहिल्या दिवशीच करता आला असता. सुरुवातीला या पार्कात हाँगकाँग सरकारचा ५७ टक्के वाटा होता. लोकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या पार्कच्या कुंपणावरून लोक चढत होते, हे त्यामुळे जास्त झोंबलं.

कॅलेंडरचा असा घोळ आपल्याकडेही होतो का?

अगदी होतो. मराठी घर भाऊबीज उरकल्याशिवाय सहसा घराबाहेर पडत नाही. गुजरातेत मात्र बेसतू वरस, म्हणजे आपला पाडवा, झाला की लाभ पाचमपर्यंत दुकानांना कुलूप लावून फिरायला निघायची पद्धत आहे. त्या आठवड्यात लोणावळा, महाबळेश्वर, गोवा इथे गुजरातच्या पासिंगच्या गाड्या किती दिसतात ते तिथल्या कोणत्याही चहावाल्याला विचारा. आपल्या भाऊबीजेनंतरचा शनिवार-रविवार त्याच आठवड्यात पडला की दोन राज्यांची सुट्टी एकाच गेटवर येऊन उभी राहते. फक्त महाराष्ट्रातल्या शाळांचं वेळापत्रक बघून आखणी करणारा इथे फसणार. १ मे तर दोन्ही राज्यांचा स्थापना दिवस, आणि तो शुक्रवारी किंवा सोमवारी आला की बघायलाच नको.

रस्ताही हिशेबात धरावा लागतो. खोपोलीजवळचं इमॅजिका हे थीम पार्क २०१३ साली सुरू झालं ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या जवळ, म्हणजे दोन्ही शहरांना सोयीचं. पण जोडून सुट्टी आली की घाटात वाहनं खोळंबतात, आणि सकाळी विखरून पोचली असती ती सगळी कुटुंबं साडेअकरा-बारालाच एकदम येऊन थडकतात. गोराईच्या एस्सेलवर्ल्डला (१९८९ ते २०२२) बहुतेक मुंबईकर मार्वे किंवा गोराई खाडीतून बोटीने जात. जितके बोटीतून उतरतील तितकेच एका वेळी गेटवर येत. कोणी तसं ठरवलं नव्हतं, पण गर्दी टप्प्याटप्प्याने सोडायची ती आपोआप झालेली सोय होती.

रांगेच्या तोंडाशी ‘६० मिनिटं’ लिहिलेलं असतं, लागतात ९०. खोटं लिहितात का?

बहुधा नाही. जॉन लिटल या संशोधकाने १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या सूत्रातून हा हिशेब निघतो: रांगेतली माणसं भागिले तासाला बसवली जाणारी माणसं. रांगेत १२०० जण आणि राइड तासाला ९६० जणांची, तर ७५ मिनिटं. अडचण अशी की तुम्ही रांगेत शिरल्यानंतर दुसरी संख्या बदलते. दोनपैकी एक गाडी दुरुस्तीला काढली की तासाचे ९६० वरून ४८० होतात, आणि फलकावरची वेळ तुमच्यासाठी कालबाह्य होते. उलट एरवी बरीच पार्कं जरा जास्तच वेळ लिहितात, म्हणजे लवकर नंबर लागला की माणूस खूश.

दीड तास रांगेत उभं राहतो आणि डोळ्यांसमोर गाडी अर्धी रिकामी सुटते. हे कसं?

चिडचिड होते खरी. राइडच्या फलाटावर दहा मिनिटं नीट पाहत उभे राहा, मग सगळं उलगडतं. चोवीस जागांची गाडी दर दीड मिनिटाला सुटली तर तासाला चाळीस खेपा, म्हणजे ९६० माणसं. दर तीन मिनिटांना सुटली तर बरोबर निम्मी. आता या दीड मिनिटात काय काय होतं ते बघा. आधीचे उतरतात, त्यातल्या एकाची चप्पल रॅकमध्ये सापडत नाही. नवे बसतात. एक ताई ओढणी गळ्यात तशीच ठेवून बसतात, ती काढून बांधून घ्यायला लावतात. कोणी मोबाइल बाहेर काढलेला असतो. एक आजोबा बसून झाल्यावर नको म्हणतात आणि त्यांना उतरवताना त्या रांगेचे सगळे हार्नेस (माणसाला जागेवर जखडणारे सुरक्षा-दांडे) पुन्हा उघडावे लागतात. कर्मचारी प्रत्येक हार्नेस दाबून, पट्टा ओढून बघतो, अंगठा वर करतो, मग पलीकडचा बटण दाबतो. यातलं तपासणीचं काम एका सेकंदानेही कमी करू नये. पण चप्पल, ओढणी, मोबाइल, उंची मोजणं हे फलाटावर व्हायचं कारणच नाही. त्यासाठी रांगेतच आधी एक माणूस उभा केला की पुरतं.

रिकाम्या जागांचं कारण वेगळं. तिघांच्या कुटुंबाला चौघांच्या रांगेत बसवलं की एक जागा वाया. एकट्याने बसायला तयार असलेल्यांची वेगळी रांग ठेवली की ती भरते. परदेशी बऱ्याच पार्कांत ही सोय असते. आपल्याकडे अजून फार रुळलेली नाही, आणि गर्दीच्या दिवशी ‘कोणी एकटं आहे का?’ असं ओरडण्यावरच भागतं.

गर्दीच्या दिवशी हाताखाली नवखी मुलं असणं हाही एक घटक आहे. हंगामापुरती भरती बहुधा हंगाम सुरू होताना होते, आणि शिकण्याचे दिवस नेमके सर्वांत कठीण दिवसांवर येतात.

एक्स्प्रेस पास (जादा पैसे देऊन वेगळ्या, छोट्या रांगेतून जायचा) घ्यावा का? त्याने गर्दी कमी होते का?

तुमच्यापुरती होते. पार्कातली नाही, कारण राइडवरच्या जागा तेवढ्याच राहतात. वरचंच उदाहरण घ्या: तासाच्या ९६० जागांपैकी ४० टक्के पासवाल्यांना दिल्या की साध्या रांगेला ५७६ उरतात. त्या रांगेत १२०० जण उभे असतील तर ७५ मिनिटांची १२५ होतात. बाजूच्या मोकळ्या गल्लीतून हसत खिदळत जाणाऱ्यांकडे रांगेतले लोक ज्या नजरेने बघतात, तिचं कारण ही वरची ५० मिनिटं आहेत.

डिस्नेने १९९९ मध्ये ‘फास्टपास’ आणला तेव्हा तो फुकट होता: वेळ ठरवून घ्या, तोवर दुसरीकडे फिरा. फ्लोरिडातल्या डिस्ने पार्कांत ऑक्टोबर २०२१ पासून त्याच्या जागी पैसे मोजून घ्यायची सेवा आली. पैसे घेण्याला माझा तात्त्विक विरोध नाही. पण ज्या दिवशी साधी रांग चालेनाशी होते त्याच दिवशी पास सर्वांत महाग विकला जातो, आणि मग साधी रांग सुधारायची निकड कोणाला वाटणार? पास घ्यायचाच असेल तर रोज किती विकतात ते विचारा. ‘मर्यादित’ एवढंच उत्तर आलं तर सावध व्हा.

गर्दी धोकादायक कधी होते?

रांग लांब असणं हा वैताग आहे, धोका नव्हे. धोका दाटीचा. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं झाली की माणूस स्वतःच्या मर्जीने हलत नाही, गर्दी त्याला हलवते. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला २३ जणांचे जीव गेले. शांघायच्या नदीकाठी ३१ डिसेंबर २०१४ च्या रात्री ३६ जणांचे. दोन्ही उघड्या, सार्वजनिक जागा होत्या, तिथे डोकी मोजणारं कोणी नव्हतं. थीम पार्कात डोकी मोजलेली असतात, हा मोठा फरक आहे. तरीही आतषबाजी किंवा मिरवणूक संपल्यावर सगळे एकाच रस्त्याने गेटकडे निघतात, तेव्हा दहा मिनिटं थांबून मग निघा. हात छातीपाशी घेता येत नाहीत इतकी दाटी वाटली तर पुढे रेटू नका, तिरकं होत कडेला सरका. लहान मुलाच्या मनगटावर मोबाइल नंबर पेनाने लिहून ठेवा, आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आत शिरताच ठरवा.

चीनमध्ये २०१३ च्या पर्यटन कायद्याने पर्यटनस्थळांना कमाल क्षमता जाहीर करणं आणि ती न ओलांडणं बंधनकारक केलं आहे. असा आकडा आपल्या पार्कांच्या गेटवरही ठळक अक्षरांत लागला, तर बाकीचे निम्मे प्रश्न विचारायची वेळ येणार नाही.

गर्दीच्या दिवशी तिकीट महाग करणं हा उपाय आहे का?

अर्धा. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडने फेब्रुवारी २०१६ मध्ये दिवसांप्रमाणे दर ठेवले, फ्लोरिडातल्या डिस्ने पार्कांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये, टोकियोतल्या डिस्ने पार्कांनी मार्च २०२१ मध्ये. ज्यांना दिवस बदलता येतो ते बदलतात, तेवढा फायदा. शाळेच्या सुट्टीला बांधलेलं कुटुंब मात्र हलू शकत नाही, ते फक्त जास्त पैसे भरतं. त्यामुळे वाढीव दरासोबत तिकिटांची संख्याही कमी केली आहे का, हे बघायचं. टोकियोच्या दोन पार्कांत मिळून २०१८-१९ च्या वर्षात ३ कोटी २५ लाखांहून जास्त लोक आले होते. साथीनंतर तिथल्या कंपनीने रोजच्या प्रवेशाची कमाल मर्यादा पूर्वीपेक्षा खाली ठेवायचं जाहीर केलं. कमी माणसं, माणशी जास्त खर्च. महाग आहे, पण निदान घेतलेल्या पैशात काहीतरी मिळतं.

गर्दीच्या भीतीने लोक आलेच नाहीत, असं कधी झालंय?

झालंय! ३१ मे २०१९ ला डिस्नेलँडमध्ये ‘स्टार वॉर्स’चा नवा विभाग उघडला. लोंढा येणार म्हणून पहिले काही आठवडे फक्त आरक्षण असलेल्यांना, चार-चार तासांसाठी आत सोडलं. गर्दीच्या बातम्यांनी लोक इतके धास्तावले की त्या उन्हाळ्यात पार्क नेहमीपेक्षा मोकळंच राहिलं.

वॉटर पार्कचं गणित वेगळं असतं का?

हो, तिथे घसरगुंडी क्वचितच अडते, लॉकर आणि कपडे बदलायच्या खोल्या अडतात. दुपारी चार-साडेचारला सगळे एकदम बाहेर निघतात, आणि ओल्या कपड्यांत कुडकुडणारी मुलं घेऊन बायकांच्या खोल्यांबाहेर जी रांग लागते ती कुठल्याही राइडपेक्षा लांब असते. आखणी करताना पुरुष आणि बायका दोघांना सारख्याच खोल्या दिल्या की असंच होणार. अर्धा-पाऊण तास आधी निघा किंवा चक्क शेवटपर्यंत थांबा. बसून घसरायच्या रबरी ट्यूब कमी पडणं हा दुसरा अडथळा: घसरगुंडीवर रांग नसते, खाली ट्यूब रिकामी होण्याची वाट बघत लोक उभे असतात.

परदेशी जायचंय. कोणते आठवडे टाळू?

आपली सुट्टी सोडा, त्यांची बघा. जपानमध्ये २९ एप्रिल ते ५ मे हा ‘गोल्डन वीक’, आणि आपल्या मे महिन्याच्या सहली हमखास त्यात सापडतात. चीन आणि हाँगकाँगसाठी चिनी नववर्ष, १ मेच्या आसपासचे दिवस आणि १ ते ७ ऑक्टोबर. सिंगापूरच्या शाळांना जूनमध्ये आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून वर्षअखेरपर्यंत सुट्टी असते, म्हणजे उशिरा आलेल्या दिवाळीची सहल तिच्यावर आदळू शकते. अमेरिकेत नोव्हेंबरातला चौथा गुरुवार (थँक्सगिव्हिंगचा सण), ईस्टर, आणि नाताळ ते नववर्ष.

पॅरिसचं प्रकरण मात्र शिकण्यासारखं आहे. फ्रान्सने देशाचे तीन विभाग पाडून शाळांची हिवाळी आणि वसंत ऋतूची सुट्टी वेगवेगळ्या आठवड्यांत दिली आहे, म्हणजे सगळा देश एकाच दिवशी घराबाहेर पडत नाही. आपल्याकडे विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनमध्ये उशिरा उघडतात, तेवढाच काय तो फरक. त्याचा फायदा नागपूर-अमरावतीकरांनी जरूर घ्यावा: जूनचा दुसरा पंधरवडा लोणावळा-खोपोलीकडे त्यातल्या त्यात निवांत.

सुट्टीतच जायचंय, दुसरा इलाज नाही. दिवस कसा आखू?

गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचा. घाट मध्ये असेल तर आदल्या रात्रीच जवळपास मुक्काम केलेला बरा. पहिल्या तासात फक्त मोठ्या राइड करा, फोटो आणि नाश्ता नंतर. बहुतेक लोक गेटजवळच्या पहिल्या राइडला लागतात, तुम्ही मागच्या टोकापासून सुरुवात करा. जेवण साडेअकराला किंवा अडीचला. एक ते दोन या वेळात जेवायला गेलात तर एक राइड गेली समजा. बाहेरचे डबे आत नेता येत नसतील तर गाडीत ठेवा आणि हातावर शिक्का घेऊन बाहेर येता येतं का ते विचारा. दुपारी बंद सभागृहातले खेळ बघा, तिथे एका वेळी शेकडो जण बसतात आणि पंखे, एसी असतो. संध्याकाळी शेवटच्या तासात रांगा पुन्हा ओसरतात, कारण लांबून आलेल्या बस निघालेल्या असतात.

सासूबाईंना आणि तान्ह्या बाळाला घेऊन, ‘सगळं बघायचं’ या हट्टाने जाऊ नका. चार राइड ठरवा. पाचवी झाली तर वरकमाई.

शाळेची सहल न्यायची आहे.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि शनिवार सोडून काहीही. त्या दिवशी आणखी किती शाळा येणार आहेत हे बुकिंगवाल्यांना फोन करून विचारा. ते सांगतात, फक्त कोणी विचारत नाही.

बुकिंग असून आत सोडलं नाही, किंवा अर्ध्या राइड बंद होत्या. पैसे परत मिळतात का?

तारखेचं तिकीट असेल आणि प्रवेशच नाकारला तर तुमची बाजू भक्कम आहे: पैसे घेतले, सेवा दिली नाही. राइड बंद असण्याचं मात्र किचकट आहे, कारण तिकिटामागच्या बारीक अक्षरांत ‘पूर्वसूचना न देता राइड बंद राहू शकतात’ हे वाक्य असतंच. तरी मुख्य आकर्षणं बंद असल्याचं माहीत असूनही तिकीट विकताना सांगितलं नाही, असं दाखवता आलं तर तक्रारीत दम आहे. नुसत्या लांब रांगेसाठी पैसे परत मिळतील ही आशा धरू नका.

तिथल्या तिथे मॅनेजरला भेटा आणि तक्रार लेखी द्या, तिची पोच घ्या. दुसऱ्या दिवसाचा पास देऊ केला तर तो सुट्टीच्या दिवशी चालतो का ते आधी वाचा, बऱ्याचदा चालत नाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ऑनलाइनही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते, पार्कच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. सोबत तिकिटाची प्रत, पैसे भरल्याची पावती, बंद राइडच्या फलकाचा आणि गेटवरच्या सूचनेचा फोटो जोडा. फोटोत तारीख-वेळ येईल असं बघा.